दोन दोन का का

आपल्या बॅचच्या ग्रुपवर मागच्या दिवाळीत कुणीतरी प्रभातफेरीचा फोटो टाकला होता. पुढे झेंडा, मागे लेझीम, त्यामागे बँड. लेझीमच्या दुसऱ्या रांगेत डोळे मिटलेली मी आहे. बँडमधला मोठा ढोल एका मुलाच्या गळ्यात आहे, कारण तो मुलींना मिळत नसे. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा "तुला पेलणार नाही" एवढंच उत्तर मिळालं आणि मला ते लगेच पटलंही. स्मरणिकेच्या संपादकांनी "सध्या काय करतेस ते लिही" म्हटलं, तेव्हा तो फोटो आठवला.

सॉफ्टवेअरबद्दल लिहिण्यात अर्थ नाही, आपल्यातले निम्मे तेच करतात. पण दर शनिवारी सकाळी मी कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळच्या एका सभागृहाचं कुलूप उघडते, कोपऱ्यात रचलेले जुने टायर गडगडत मधोमध आणते आणि सात ते चौदा वर्षांच्या मुलांच्या हातात लाकडी दांडके देते. ही मुलं जपानी ढोल शिकतात. त्याला ताइको म्हणतात. शिकवणारे शिक्षक वेगळे आहेत. माझ्याकडे किल्ली, हिशेब, पालकांचे फोन आणि ढोलांची डागडुजी असते. मुलीला सोडायला म्हणून जायला लागले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगी कॉलेजात गेली, मी तिथेच राहिले.

नवीन पालक आले की पहिल्या दिवशी त्यांना दोन मिनिटं माहिती सांगायची, हेही माझंच काम. सुरुवातीला मी "ताइको ही जपानची हजारो वर्षांची परंपरा आहे" असं ठोकून द्यायचे. आपल्याला सवयच असते तशी, कशालाही हजारो वर्षं जोडून द्यायची. एकदा मागच्या बाकावर मुलांचे हापी, म्हणजे वाजवताना घालायचे आखूड अंगरखे, शिवत बसलेल्या एका आजींनी मला नंतर बाजूला घेतलं. त्या जपानी वंशाच्या, पण जन्माने अमेरिकन. जन्मसाल १९४३. त्या म्हणाल्या, "ढोल जुना आहे गं. पण असं दहा-पंधरा जणांनी मिळून वाजवणं माझ्यापेक्षा धाकटं आहे." मी घरी येऊन वाचायला लागले. आजींचं बरोबर होतं.

ढोल जुना आहे, यात वाद नाही. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात ढोल वाजवणाऱ्या माणसाची एक मातीची मूर्ती आहे. गुन्मा प्रांतात सापडलेली ती मूर्ती सहाव्या शतकातली मानतात. देवळात, दरबारी संगीतात, नो आणि काबुकी नाटकांत, लढाईत, गावच्या जत्रेत, सगळीकडे ढोल होताच. पण तो बहुतेक वेळा एकटा-दुकटा असे, बासरीच्या, नाचाच्या किंवा मंत्रपाठाच्या साथीला. रंगमंचावर नुसते ढोलच, लहान-मोठे, प्रत्येकाचं काम वेगळं आणि सगळ्यांचं मिळून एक संगीत, हा प्रकार १९५१ साली जन्मला. त्याचं श्रेय दिलं जातं ओगुची दाइहाची यांना. नागानो प्रांतातल्या सुवा भागातला हा माणूस जॅझ ड्रमर होता.

हा तपशील मला फार आवडतो. ओगुचींच्या हाती सुवाच्या देवस्थानाशी संबंधित ढोलवादनाचं एक जुनं लिखित टिपण आलं. त्यांनी ते वाजवून पाहिलं आणि त्यांना ते फारच साधं वाटलं. जॅझचा ड्रमर एका बैठकीत चार-पाच तऱ्हेचे ड्रम वाजवतो: एक खोल, एक कडक, एक लय धरणारा, एक मध्येच तडतडणारा. ओगुचींनी तो ड्रमसेट जणू सुटा केला आणि एकेक आवाज एकेका माणसाला वाटून दिला. घट्ट ताणलेला, उंच आवाजाचा छोटा शिमे-दाइको ठेका धरील, मधल्या आकाराचे ढोल मुख्य चाल वाजवतील, सर्वांत मोठा ओ-दाइको खाली जमीन हलवील. या प्रकाराला कुमी-दाइको म्हणतात, म्हणजे ढोलांचा ताफा. सिस्टिमचे भाग सुटे करून पुन्हा जोडण्यावरच माझं पोट चालतं, त्यामुळे हे वाचून मी खूश झाले. पण खरी गंमत अशी की, आज जगभर 'अस्सल प्राचीन जपान' म्हणून जे ऐकवलं जातं, त्याच्या मुळाशी अमेरिकेतून आलेलं जॅझ आहे.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. १९६४च्या तोक्यो ऑलिम्पिकच्या निमित्ताने ओगुचींचा ताफा जगापुढे आला. तोक्योतच सुकेरोकु नावाच्या गटाने ढोल तिरक्या घोडीवर ठेवून, अंग वळवत, नाचासारखं वाजवण्याची शैली रुजवली. मग साधारण १९७०च्या सुमारास सादो नावाच्या बेटावर काही तरुण-तरुणी एकत्र राहून, रोज मैलोन्‌मैल पळून, ढोलाची साधना करू लागले. त्यांच्या गटाचं नाव ओन्देकोझा. १९७५ साली त्यांनी बोस्टन मॅरेथॉन पूर्ण पळून शेवटच्या रेषेपाशी थेट ढोल वाजवायला घेतला. त्या गटातून फुटून १९८१ साली कोदो हा आज सर्वांत प्रसिद्ध असलेला गट निघाला. 'कोदो' हा उच्चार हृदयाच्या ठोक्यांसाठी आहे, पण ते नाव ज्या दोन अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ होतो ढोल आणि मूल. मुलाच्या मनाने वाजवावं, असा त्यांचा भाव. आमच्या शनिवारच्या वर्गात ही अक्षरं मी फळ्यावर काढून दाखवते. मुलांना त्यात काही विशेष वाटत नाही, पालकांना वाटतं.

जपानमध्ये त्या काळात खेडी ओस पडत होती. तरुण मंडळी शहराकडे गेली, जत्रा म्हाताऱ्यांच्या हाती राहिल्या. गावोगावी ताइकोचे ताफे निघाले ते बऱ्याच अंशी त्यामुळे. पोरांना धरून ठेवायला काहीतरी हवं होतं. पुढे २००२पासून तिथल्या माध्यमिक शाळांत प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एक पारंपरिक जपानी वाद्य हाताळलंच पाहिजे, असं अभ्यासक्रमातच आलं.

पण आमच्या सभागृहापर्यंत हा ढोल आला तो वेगळ्या वाटेने, आणि ती वाट समजल्याशिवाय आजी हापी शिवताना मुलांवर एवढं लक्ष का ठेवतात ते कळत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जपानी मजूर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. रेल्वेवर, खाणीत, शेतांवर राबले. त्यांनी बौद्ध मंदिरं बांधली. सॅन होजेचं मंदिर १९०२ सालचं. उन्हाळ्यात पितरांसाठी ओबोनचा उत्सव असे. आपला पितृपक्ष गंभीर, त्यांचा नाचाचा. त्या नाचासाठी एखादा ढोल असे. मग डिसेंबर १९४१मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. काही दिवसांत बौद्ध पुजाऱ्यांना अटका झाल्या. घरोघरी लोकांनी जपानी पुस्तकं, पत्रं, फोटो, किमोनो स्वतःच्या हातांनी जाळले किंवा पुरले. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी क्रमांक ९०६६च्या हुकूमावर सही केली आणि सुमारे १,२०,००० माणसांना काटेरी तारांच्या आतल्या छावण्यांत नेण्यात आलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेत जन्मलेले, अमेरिकेचे नागरिक होते. खटला नाही, आरोप नाही. हातात मावेल तेवढंच सामान.

सॅन होजे परिसरातल्या बहुतेकांना आधी लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिता घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर ठेवलं, मग वायोमिंगच्या माळावर हार्ट माउंटन नावाच्या छावणीत. आपल्यापैकी जे कुणी कामानिमित्त सिलिकॉन व्हॅलीत आले असतील ते सॅन होजेच्या विमानतळावर उतरले असतील. त्या विमानतळाला नॉर्मन मिनेटा यांचं नाव आहे. मी पहिली कित्येक वर्षं ते नाव बॅगा उचलत वाचलं आणि कोण बुवा हे असा विचारही केला नाही. मिनेटा सॅन होजेचे. १९४२ साली दहा वर्षांचे होते. आगगाडीत चढताना त्यांच्या हातात बेसबॉलची बॅट होती. ती हत्यार म्हणून वापरता येईल, असं सांगून सैनिकाने काढून घेतली. हा मुलगा पुढे सॅन होजेचा महापौर झाला, मग खासदार. ज्या १९८८च्या कायद्याने अमेरिकेने या कैदेबद्दल अधिकृत माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले, तो मंजूर करून घेण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

सुटून आलेल्या लोकांनी काय केलं? गप्प बसले. आजींचा जन्म छावणीतला, पण आईवडिलांनी त्यांना त्याबद्दल कधी काही सांगितलं नाही. मुलांना जपानी भाषा शिकवायची नाही, डोळ्यांवर यायचं नाही, चांगले मार्क मिळवायचे, हळू बोलायचं. आजी म्हणतात, "आमच्या आईचं एक वाक्य ठरलेलं असे. आवाज कमी करा, लोक ऐकताहेत." आवाज कमी करण्याचं हे शिक्षण तीसेक वर्षं चाललं.

मग तिसरी पिढी मोठी झाली. साठीचं दशक, नागरी हक्कांची चळवळ, व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध मोर्चे. ही पोरं आईवडिलांना विचारू लागली, तुम्ही का गेलात, का बोलला नाहीत. त्याच वेळी तीन ठिकाणी ढोल वाजू लागले. जपानहून आलेले सेइची तानाका यांनी १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत ताइकोचा दोजो काढला, कडक गुरु-शिष्य शिस्तीचा. १९६९ साली लॉस एंजेलिसच्या सेन्शिन बौद्ध मंदिरात ओबोन संपल्यावर ढोल आत ठेवायचं काम होतं. ते करता करता पुजारी मासाओ कोदानी आणि मंडळी सहज वाजवू लागली ती तासन्‌तास थांबलीच नाहीत. त्यातून किन्नारा ताइको निघालं. किन्नारा म्हणजे आपला किन्नर, देवांच्या सभेतला गायक-वादक. हा संस्कृत शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर प्रवास करत लॉस एंजेलिसला पोचला. मला हे कळलं तेव्हा उगाचच माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

तिसरं ठिकाण सॅन होजे. १९७३ साली तिथल्या बौद्ध मंदिराला तरुण मुलांसाठी काहीतरी उपक्रम हवा होता, त्यातून सॅन होजे ताइको सुरू झालं. रॉय आणि पी. जे. हिराबायाशी या जोडप्याने ते पुढे कित्येक वर्षं वाढवलं, २०११ साली त्यांना त्यासाठी अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. म्हणजे इथे मोठ्यांची कला आधी तयार होऊन मग सुट्टीतले मुलांचे वर्ग निघाले, असं झालेलं नाही. मुलांना आणि तरुणांना काय द्यायचं, हा प्रश्न आधी होता. ढोल त्याचं उत्तर म्हणून आला. ज्या घरांत आवाज कमी करायला शिकवलं गेलं, तिथल्या पुढच्या पिढीने नेमकं असं वाद्य उचललं जे हळू वाजवताच येत नाही.

जपानी वस्तीत पहिल्यांदा भर रस्त्यात ढोल वाजला तेव्हा आजींच्या आईने खिडकी लावून घेतली होती. लाजेने नव्हे, भीतीने. आजी हे एकदाच बोलल्या, धागा दाताने तोडता तोडता, आणि पुढचा हापी घेतला.

आता ढोलाकडे. जपानी ढोल केयाकी झाडाच्या अखंड खोडातून कोरतात. त्याला जुनं झाड लागतं, लाकूड वर्षानुवर्षं सुकवावं लागतं आणि किंमत ऐकून आपण खुर्चीत बसतो. सत्तरच्या दशकातल्या त्या पोरांकडे तेवढे पैसे कुठले? किन्नाराच्या मंडळींनी कॅलिफोर्नियात मुबलक मिळणारी वस्तू घेतली: वाइनचं ओकच्या लाकडाचं जुनं पिंप. आज अमेरिकेतल्या बहुतेक सामुदायिक गटांचे ढोल असेच बनतात, आमचेही.

पिंप आणलं की आधी त्याच्या पट्ट्यांना खडूने क्रमांक द्यायचे. हे विसरलात तर पुढचे दोन शनिवार पट्ट्या जुळवण्यात जातात (विसरलो आहोत). मग लोखंडी कडी काढायची, पट्ट्यांच्या कडा रंधून त्या सरसाने पुन्हा जोडायच्या, पट्ट्यांनी आवळून ठेवायच्या, बाहेरून घासून गुळगुळीत करायच्या. आतमध्ये वाइनचा जांभळा थर असतो, तो खरवडताना सभागृहात जो वास सुटतो त्यावरून एका आजोबांनी आमच्याकडे संशयाने पाहिलं होतं. त्यानंतर कातडं. ते पाण्यात भिजवून मऊ करायचं, पिंपाच्या तोंडावर टाकायचं, कडेने दोर ओवून खालच्या चौकटीला बांधायचं आणि चौकट व पिंप यांच्यामध्ये गाडी उचलायचे जॅक लावायचे. जॅक चढवत गेलं की कातडं ताणत जातं. मध्येच एक हलकं मूल त्यावर उभं करून नाचवायचं, म्हणजे ते आणखी सैल होतं आणि पुन्हा जॅक चढवता येतो. यासाठी मुलांची रांग लागते. हवा तो आवाज आला की कडेने दोन ओळींत खिळे ठोकायचे. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ताण आणि वारंवारता यांचा संबंध मला जितका कळला नव्हता, तितका त्या एका दुपारी कळला.

आणि इथेच माझ्याकडचा सर्वांत अवघड फोन येतो. "कातडं कशाचं आहे?"

गाईचं. खोटं बोलता येत नाही आणि बोलायचंही नाही. आमच्या वर्गातली जवळपास निम्मी मुलं भारतीय घरांतली आहेत. एका वडिलांनी हे कळल्यावर मुलाला दोन आठवडे पाठवलंच नाही. मग पाठवलं, पण अट घातली: तो टायरवरच वाजवील. टायरला पारदर्शक चिकटपट्टी घट्ट गुंडाळली की दांडका छान उसळतो, नवशिके सगळे त्यावरच शिकतात. तो मुलगा सगळे ढोलावर गेल्यावरही सहा महिने एकटा टायरवर वाजवत होता. मी त्याच्या वडिलांना शिमे-दाइको सुचवला, छोटा आहे म्हणून. तेही गाईचंच असतं, हे त्यांनीच मला शोधून सांगितलं.

त्यांच्याशी बोलायचं म्हणून मी या कातड्याच्या मागे लागले, आणि मला जे सापडलं ते त्यांच्या प्रश्नापेक्षा माझ्यासाठी जास्त अवघड निघालं. जपानमध्ये मेलेली जनावरं ओढणं, कातडी कमावणं, ढोल मढवणं ही कामं पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक वस्त्यांतले लोक करत आले. त्यांना बुराकुमिन म्हणतात. बौद्ध आणि शिंतो कल्पनांनुसार मृत्यूशी आणि रक्ताशी संबंध आला की विटाळ. म्हणून ही माणसं विटाळलेली, वस्ती वेगळी, लग्नसंबंध नाहीत. १८७१ साली कायद्याने हा भेद रद्द झाला, पण लग्न आणि नोकरीच्या वेळी मूळ गाव शोधून काढण्याचे प्रकार त्यानंतर शंभर वर्षांनीही चालू होते. ओसाकाच्या नानिवा भागात अशी एक जुनी वस्ती आहे, ढोल बनवण्यासाठी नावाजलेली. शतकानुशतकं तिथले लोक ढोल बनवत होते आणि वाजवत होते दुसरेच. जत्रेतला ढोल पवित्र, तो मढवणारा अपवित्र. १९८७ साली त्या वस्तीतल्या तरुणांनी स्वतःचा ताइको गट काढला. नाव ठेवलं इकारी, म्हणजे संताप.

हे वाचताना मला जपान परकं वाटलं नाही. आपल्याकडे गावगाड्यात हलगी-डफडं कुणी वाजवायचं, मेलेलं ढोर कुणी ओढायचं हे जन्मानेच ठरलेलं होतं. मृदंगाला गाय, म्हैस आणि बकरी अशी तिन्ही कातडी लागतात. तो घडवणाऱ्या दलित ख्रिश्चन कारागिरांवर गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे अख्खं पुस्तक लिहिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. शाळेत आपण ज्या ढोलाच्या तालावर लेझीम खेळलो त्याचं पान कुणी मढवलं होतं, हे तेव्हा आपल्यापैकी कुणी विचारलं नाही. मी तर फक्त तो मला का मिळत नाही एवढंच विचारलं होतं.

आता पहिल्या दिवशीच्या माझ्या दोन मिनिटांत मी बुराकुमिनांबद्दल सांगते. एकदोन पालकांना ते मुलांसमोर नको वाटतं. मुलांना अजिबात नको वाटत नाही. "मग त्यांना वाजवायला का दिलं नाही?" असं एका आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, आणि मला तिथल्या तिथे उत्तर जमलं नाही.

वर्ग कसा चालतो, तेही थोडं सांगते. आल्यावर सगळे वाकून "ओनेगाइशिमासु" म्हणतात. साधारण अर्थ, आता शिकवा, कृपा करा. जाताना धन्यवाद. कागदावरची नोटेशन नाही. जपानी ढोलाला आपल्या तबल्या-ढोलकीसारखे बोल असतात, त्याला कुची-शोगा म्हणतात. मधोमध मोठा ठोका म्हणजे 'दोन', तेवढ्याच वेळात दोन ठोके 'दोको', काठावर मारलं की 'का', रिकामी जागा 'सु'. आधी तोंडाने म्हणायचं, मग हाताने वाजवायचं. मराठी घरांतल्या मुलांची इथे फार करमणूक होते, कारण शिक्षक म्हणतात "दोन दोन का का" आणि ही विचारतात, दोन का? तीन का नाहीत? बाकीच्यांना विनोद कळत नाही, शिक्षकांना तर नाहीच.

सगळ्यांत कठीण 'सु'. मुलांना वाजवायला शिकवावं लागत नाही, थांबायला शिकवावं लागतं. पंधरा मुलं एका क्षणी दांडके वर धरून गप्प उभी आहेत, असा क्षण वर्षातून चार-पाच वेळा येतो. दुसरं कठीण म्हणजे शिमेवर बसणं. ठेका धरणाऱ्याकडे प्रेक्षक बघत नाहीत, सगळ्यांना पुढच्या मोठ्या ढोलावर उडी मारून वाजवायचं असतं. म्हणून प्रत्येक गाण्याला जागा बदलतात, आणि कुणाची पाळी कधी याचा तक्ता माझ्याकडे असतो. ऑफिसातली कामवाटणी यापुढे सोपी वाटते. ढोल उचलून परत कोठीत ठेवेपर्यंत कुणी घरी जायचं नाही, हा नियम. एकेका ढोलाला चार मुलं लागतात. पेलतो त्यांना.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या मराठी लोकांच्या गणपती मिरवणुकीसाठी आम्हाला बोलावणं आलं, "तुमचे जपानी ढोल-ताशे घेऊन या" म्हणून. मला आनंद झाला आणि लगेच शंकाही आली. ज्या लोकांनी एवढं सोसून हे वाद्य इथे उभं केलं, ते आपण आपल्या देवापुढे नाचवायचं का? मी शिक्षकांना विचारलं, त्यांनी आजींना विचारलं. आजींनी पी. जे. हिराबायाशी यांच्या 'एइ जा नाइ का'ची आठवण दिली. १९९४ सालची ही रचना ढोलाची आणि नाचाची आहे. तिच्यात पहिल्या पिढीच्या जपानी मजुरांची कामं आहेत: फावडं मारणं, रूळ टाकणं, पीक काढणं. कुणीही शिकावं, कुठेही नाचावं, म्हणून ती मोकळी ठेवलेली आहे. फक्त ती कुणाची आहे हे माहीत असावं. आजी म्हणाल्या, "सांगून वाजवा, एवढंच."

आम्ही गेलो. आमच्या दोन मोठ्या मुलींनी आधी माइकवर छावण्यांबद्दल आणि मजुरांबद्दल सांगितलं. मोदकांची रांग लागलेली असल्यामुळे ते फारसं कुणी ऐकलं नाही. वाजवलेलं मात्र ऐकलं. नंतर पार्किंगमध्ये पथकातला एक ताशावाला आणि आमचा शिमेवरचा मुलगा एकमेकांच्या काड्या हातात घेऊन बघत होते. ताशाच्या काड्या बारीक, लवचीक. शिमेच्या जाड. त्याने त्याचा ठेका वाजवला, याने याचा, मग दोघांनी आपापला ठेका एकत्र वाजवून बघितला. जुळला नाही. पुन्हा बघितला. आम्हाला व्हॅन परत करायची होती, म्हणून ओढून आणावं लागलं.

या एप्रिलमध्ये आमच्या सर्वांत जुन्या ढोलाचं कातडं फाटलं. भिजवून, ताणून नवं चढवायचं होतं आणि दोर ओढायला माणसं कमी पडत होती, म्हणून मी पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकला. टायरवाल्या मुलाचे वडील आले. तो मुलगा आता ढोलावर वाजवतो. कधीपासून आणि घरी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. ते थोडा वेळ दाराशी उभे राहिले, मग जॅक किती टनांचे आहेत असं विचारलं, मग हातमोजे घालून माझ्यासमोरचा दोर धरला. कातडं सुकायला दोन आठवडे लागतात. तोवर सगळी मुलं आळीपाळीने टायरवर होती.